बोल्ट पास झाला, पण कोणत्या परीक्षेत? भारतीय मानक ब्यूरोच्या शैलयांत्रिकी समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शैलयांत्रिकी समिती (सीईडी 48),
भारतीय मानक ब्यूरो, मानक भवन, नवी दिल्ली

विषय : रॉक बोल्टच्या आघात चाचणीसाठी भारतीय मानक तयार करण्याबाबत

सादर नमस्कार.

हिमालयातल्या एका लांब बोगद्याच्या निविदापूर्व बैठकीत आम्ही काही अभियंत्यांनी एक सूचना मांडली होती. ज्या टप्प्यात डोक्यावर हजार मीटरहून जास्त डोंगर आहे आणि खडक कडक पण ठिसूळ आहे, तेवढ्या टप्प्यासाठी लागणाऱ्या रॉक बोल्टची, म्हणजे खडकात भोक पाडून आत बसवलेल्या आधाराच्या पोलादी सळीची, आघाताखाली चाचणी घ्यावी, एवढंच आमचं म्हणणं होतं. लेखी उत्तर आलं. या चाचणीसाठी भारतीय मानक उपलब्ध नसल्याने सूचना विचारात घेता येत नाही, बोल्टची चाचणी आयएस 11309 या खेच-चाचणीच्या मानकाप्रमाणेच होईल.

प्रकल्पाचं नाव मी इथे घेत नाही. नाव घेऊन उपयोगही नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पाने हेच उत्तर दिलं असतं आणि कागदावर ते चूक ठरलं नसतं. म्हणूनच हे पत्र त्या प्रकल्पाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. आणि उघडपणे लिहितो आहे, कारण बोगद्यात काम करणाऱ्यांना, त्यांच्या घरच्यांना आणि पुढे त्याच बोगद्यातून रेल्वेने किंवा गाडीने जाणाऱ्यांनाही हे कळायला हवं.

मी नागपूरचा, शिक्षणाने आणि पेशाने खाण अभियंता. सुरुवातीची नोकरी विदर्भातल्या मँगनीजच्या भूमिगत खाणीत झाली, नंतर हिमालयातल्या बोगद्यांवर गेलो. आमच्याकडे सह्याद्रीच्या काळ्या कातळात बोगदे खोदणाऱ्यांना रॉकबर्स्टचा, म्हणजे ताणाखालचा खडक अचानक फुटून बाहेर येण्याचा, अनुभव फारसा येत नाही, कारण डोक्यावर तेवढा उंच डोंगर नसतो. हिमालयात तो असतो. एक हजार मीटर खडक म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण 2,700 टन भार. बोगदा खोदला की हा भार पोकळीच्या कडेने एकवटतो. मऊ खडक हळूहळू दबतो, आत येतो, माणसाला इशारा देतो. क्वार्टझाइट किंवा ग्रॅनाइटसारखा कडक खडक तसं करत नाही. तो ताण साठवत राहतो आणि एका क्षणी फुटतो. आधी बारीक तडतड ऐकू येते, कामगार म्हणतात, ‘पहाड बोल रहा है’. कधी तेवढ्यावर भागतं. कधी मात्र खोलीएवढा खडक सेकंदाच्या आत समोर येऊन पडतो.

असा एक प्रसंग माझ्या पाळीत घडला. फेसपासून, म्हणजे खोदाई चालू असलेल्या टोकापासून, थोडं मागे, जिथे बोल्ट, जाळी आणि शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) असा सगळा आधार पूर्ण झालेला होता, तिथे बोगद्याच्या डाव्या खांद्यावरचा, भिंत आणि छत मिळतात तिथला, खडक फुटला. जंबो, म्हणजे खडकात भोकं पाडणारं यंत्र, चालवणारा झारखंडचा एक ऑपरेटर त्यात सापडला. तो वाचला, पण पुन्हा कधी जंबोवर बसला नाही. दुसऱ्या दिवशी जागा सुरक्षित करून आम्ही ढिगाऱ्यातले बोल्ट गोळा केले. 25 मिलिमीटरच्या सळ्या होत्या. काही आट्यांच्या जरा मागे तुटलेल्या, काही बाहेरच्या टोकावरच्या प्लेटपासून हातभर आत. तुटल्या जागेच्या दोन्ही बाजूंना भोकात भरलेलं सिमेंट ग्राऊट सळीला घट्ट धरून होतं, सळीच्या धारांचे ठसे त्यात जसेच्या तसे उमटलेले होते. सळी ताणली गेली होती ती फक्त तुटल्या जागेजवळ, दोन-तीन सेंटिमीटर. बाकीची सळी जशी बसवली तशीच. म्हणजे बोल्ट निसटला नव्हता, ग्राऊट कमी पडलं नव्हतं, कामात हयगय झाली नव्हती. त्याच पट्ट्यातल्या बोल्टच्या खेच-चाचणीचे अहवाल फायलीत होते. सगळे पास.

या पास होण्याचा अर्थ काय, ते सांगणं गरजेचं आहे. आयएस 11309 हे 1985 सालचं मानक खेच-चाचणीचं आहे. बोल्टच्या बाहेरच्या टोकाला पोकळ हायड्रॉलिक जॅक लावायचा, हातपंपाने दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा, डायल गेजवर टोक किती सरकलं ते वाचायचं. ठरलेली खेच गाठली आणि सरकणं मर्यादेत राहिलं की बोल्ट पास. बोल्ट भोकात नीट धरून आहे का, हे तपासायला ही उत्तम चाचणी आहे आणि ती बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिच्यात काही मिनिटं जातात. रॉकबर्स्टमध्ये तेवढाच भार डोळ्याचं पातं लवायच्या आत येतो. विहिरीत सावकाश सोडलेली भरली बादली जो दोर पेलतो, तोच दोर ती बादली वरून टाकली तर तुटू शकतो. बोल्टचंही तसंच आहे. तिथे प्रश्न बोल्ट किती टन पेलतो हा नसतो. अंगावर आलेली ऊर्जा तो किती पचवतो, हा असतो.

हिशेब अवघड नाही. बोल्ट दीड-दीड मीटरवर बसवले तर एका बोल्टच्या वाट्याला सव्वादोन चौरस मीटर खडक येतो. एक मीटर जाडीचा थर सुटला तर त्याचं वजन सहा टन. तो सेकंदाला तीन मीटर वेगाने बाहेर फेकला गेला, आणि मोठ्या रॉकबर्स्टमध्ये हा वेग काही विशेष नाही, तर त्याची ऊर्जा सुमारे 27 किलोज्यूल होते. आता आमची 25 मिलिमीटरची सळी घ्या. ती साधारण 25 टन पेलते. पण पूर्ण लांबीभर ग्राऊटने जखडल्यामुळे तड जिथे उघडेल तिथेच तिला ताणायला जागा मिळते. अडीच सेंटिमीटर ताणून ती तुटली, तर तिने पचवलेली ऊर्जा जेमतेम 6 किलोज्यूल. उरलेली जाते कुठे, ते त्या जंबो ऑपरेटरला विचारावं लागत नाही.

याउलट 20 टनच पेलणारा, पण 15 सेंटिमीटर ताणला जाईपर्यंत किंवा सरकेपर्यंत न तुटणारा बोल्ट 30 किलोज्यूल पचवतो. म्हणजे खेच-चाचणीत जो बोल्ट दुसरा येतो, तोच रॉकबर्स्टमध्ये माणूस वाचवतो. आणि जो पहिला येतो, तो तुटतो. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आपलं मानक बोल्टची जी प्रतवारी लावतं, ती खोल आणि कडक खडकात उलटी पडू शकते.

असे बोल्ट कल्पनेतले नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोन बोल्ट आला. त्याचं आतलं टोक शंकूसारखं असतं आणि भार आला की ते ग्राऊटमधून नांगरत सरकतं. कॅनडात त्याची सुधारित आवृत्ती निघाली. नॉर्वेत डी-बोल्ट तयार झाला. त्यात गुळगुळीत सळीला ठरावीक अंतरावर नांगर, म्हणजे ग्राऊटमध्ये पकड घेणारे भाग, असतात, आणि दोन नांगरांमधली सळी ग्राऊटला चिकटून न राहता पूर्ण लांबीने ताणली जाते. कल्पना साधी आहे. पोलादात ताणून घेण्याचा गुण मुळातच असतो, त्याला वाव द्यायचा. आपल्या आयएस 1786 मधल्या 500 डी प्रतीच्या सळीलाही कमाल भाराच्या वेळी किमान 5 टक्के लांबण्याची अट आहे. तीन मीटरच्या सळीचे 5 टक्के म्हणजे 15 सेंटिमीटर. हा गुण आपण कारखान्यात तपासून घेतो आणि मग बोगद्यात ग्राऊटने जखडून टाकतो.

चाचणीची यंत्रंही जगात उभी आहेत. कॅनडाच्या कॅनमेट प्रयोगशाळेत बोल्ट पोलादी नळीत ग्राऊट करून उभा टांगतात आणि वरून वजन सोडतात. एक टन वजन दीड मीटरवरून पडलं की आघाताचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या आसपास आणि ऊर्जा जवळपास 15 किलोज्यूल. प्लेटवर आणि बोल्टच्या आतल्या टोकावर किती भार आला, प्लेट किती सरकली, हे सेकंदाच्या हजाराव्या भागांत नोंदलं जातं. ऑस्ट्रेलियात कॅलगुर्लीच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियन स्कूल ऑफ माइन्समध्ये वेगळी रीत आहे. तिथे बोल्ट, नळी आणि वजन सगळं एकत्र खाली सोडतात, नळी बफरवर अडते आणि वजन पुढे जात राहून बोल्टला ओढतं. खऱ्या बोगद्यात खडक आतून बाहेर येतो, त्याच्याशी ही रीत जास्त जुळते असं मला वाटतं. पोलंडमध्येही असं यंत्र आहे. अमेरिकेच्या एएसटीएम या संस्थेने खेच आणि वजन-पात या दोन्ही चाचण्यांचं मानक, डी 7401, 2008 मध्येच काढलं. म्हणजे तुम्हाला शून्यापासून सुरुवात करायची नाही.

या विषयाचा अनुभव देशाला नाही, असंही कुणी म्हणू नये. कोलार गोल्ड फील्ड्समध्ये चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरच्याही खाली गेली होती आणि रॉकबर्स्टने तिथे कित्येक दशकं माणसं मारली. जमिनीच्या पोटातली कंपनं ऐकण्याची यंत्रणा तिथे 1970 च्या दशकात बसवली गेली. राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्था 1988 मध्ये कोलारलाच स्थापन झाली, ती याच अनुभवाच्या पायावर. 2001 मध्ये खाणी बंद पडल्या. पण प्रश्न खाणींबरोबर बंद झाला नाही. पार्वती जलविद्युत प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याच्या 31.5 किलोमीटर लांब बोगद्यात त्याने पुन्हा डोकं वर काढलं. अटल बोगद्यावर 1.9 किलोमीटरपर्यंत डोंगर आहे. आता हिमालयात रेल्वेचे, रस्त्यांचे, पाण्याचे बोगदे एकाच वेळी खोदले जात आहेत आणि ते पूर्वीपेक्षा खोल चालले आहेत.

बाहेर काय घडलं तेही तुमच्यासमोर आहे. चीनच्या जिनपिंग-2 प्रकल्पात 28 नोव्हेंबर 2009 ला रॉकबर्स्टने सात कामगार घेतले आणि अख्खं बोगदा-यंत्र गाडलं गेलं. टास्मानियातल्या बीकन्सफील्डच्या सोन्याच्या खाणीत एप्रिल 2006 मध्ये भूकंपनानंतर खडक कोसळून एकजण गेला आणि दोघे दोन आठवडे जमिनीखाली अडकून पडले. चिलीच्या एल तेनिएन्ते या तांब्याच्या खाणीत 31 जुलै 2025 ला 4.2 तीव्रतेच्या कंपनानंतर सहा कामगार गेले. चिली आणि ऑस्ट्रेलिया हे खोल खाणकामात आपल्या कितीतरी पुढचे देश. तिथेही हे होतं, म्हणून बोल्ट बदलला की सगळं टळेल असा माझा दावा नाही. जाळी, शॉटक्रीट, प्लेट, नट, कंपनांची नोंद, खोदाईचा क्रम, ताण कमी करणारी सुरुंगकामं, हे सगळं मिळून आधार उभा राहतो. पण बोल्ट हा त्या सगळ्याचा कणा आहे आणि आघाताखाली तो कसा वागतो हे न तपासता आपण त्याला प्रमाणपत्र देतो आहोत.

आता संगणकावरच्या प्रतिमानांबद्दल, कारण तिथेही मला तितकीच काळजी वाटते. आज बहुतेक मोठ्या बोगद्यांच्या आराखड्याला संख्यात्मक प्रतिमान जोडलेलं असतं. रंगीत चित्रं असतात, बोल्टमधले भार दाखवलेले असतात. पण बऱ्याच वेळा बोल्ट हा त्यात एक साधी रेघ असतो. ताण ठरावीक मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग स्थिर राहतो, एवढाच त्याचा स्वभाव लिहिलेला. किती लांबल्यावर तुटायचं हे सांगितलंच नाही, तर त्या प्रतिमानात बोल्ट कधीच तुटत नाही. खडक हातभर बाहेर आला तरी तो आपले 25 टन धरून उभा! मी असे अहवाल वाचले आहेत. त्यावर सल्लागाराला विचारलं की उत्तर मिळतं, तुटण्याची मर्यादा कोणती धरायची याची चाचणी कुठे आहे? आणि तो खरं बोलत असतो. ग्राऊट आणि सळी यांच्यामधली पकड आघाताखाली किती टिकते, वेगाने भार आला की पोलादाची ताकद किती वाढते, पहिल्या धक्क्यात अर्धा खर्च झालेला बोल्ट दुसऱ्या धक्क्याला किती उरतो, हे आकडे प्रयोगशाळेतूनच यायला हवेत. आपल्याकडची सळी, आपलं सिमेंट, बोल्ट चिकटवायच्या आपल्या रेझिन कॅप्सूल यांचे आकडे कॅनडाच्या अहवालातून उचलून चालणार नाहीत.

दुसऱ्या धक्क्याचा मुद्दा थोडा थांबून बघावा लागेल. रॉकबर्स्ट बहुधा एकटा येत नाही. एकाच पट्ट्यात लहानमोठे धक्के दिवसचे दिवस बसत राहतात. बाहेरून बोल्ट शाबूत दिसतो, प्लेट थोडी आत वाकलेली असते, पण आत त्याची ताणण्याची पुंजी संपत आलेली असते. आज अशा बोल्टवर पुन्हा खेच-चाचणी केली तर तो पुन्हा पास होईल. म्हणून एकच मोठा आघात देऊन थांबणारी चाचणी पुरेशी नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या अधिकाराबाहेरची आहे, तरी तुमच्या कामाचं वजन तिच्यामुळेच वाढतं. खाणीत सुरक्षेचे कायदेशीर नियम लागू असतात (2025 पर्यंत त्यासाठी 1952 चा खाण कायदा होता) आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाचा निरीक्षक उतरून बघतो, आधाराचा नियम मोडला तर काम थांबवतो. बोगदा कायद्याने खाण नाही. दीड किलोमीटर डोंगराखाली काम करणाऱ्या बोगदा-कामगाराच्या आणि तुटणाऱ्या बोल्टच्या मध्ये निविदेची कलमं उभी असतात, आणि ती कलमं तुमच्या मानकांवर बेतलेली असतात. तुम्ही जे लिहीत नाही, ते निविदेत येत नाही. निविदेत नसलेल्या चाचणीचे पैसे ठेकेदार का घालेल? त्याला दोष देता येत नाही. चांगला बोल्ट बनवू पाहणाऱ्या आपल्याच लहान कारखानदाराला तर यात काही वावच उरत नाही. त्याच्या बोल्टचा गुण मोजणारी परीक्षाच नसल्यामुळे स्वस्त सळी नेहमी जिंकते.

म्हणून समितीकडे मागण्या.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची : रॉक बोल्टच्या आघात चाचणीचं स्वतंत्र भारतीय मानक तयार करण्याचं काम हाती घ्या. त्यात वजन किती, वेग किती, नळी अखंड की मधोमध दुभंगलेली, आघात प्लेटवर की बोल्टच्या मधल्या भागावर, हे स्पष्ट लिहा. ही मांडणी बदलली की त्याच बोल्टचा निकाल बदलतो, आणि ती मोकळी सोडली तर प्रत्येक विक्रेता आपल्याला सोयीची निवडेल. एकाच नमुन्यावर आघात पुन्हा पुन्हा देण्याची पद्धतही त्यात असावी. निकालात कमाल भार, एकूण सरकणं आणि पचवलेली ऊर्जा हे तिन्ही आकडे देणं सक्तीचं करा, सोबत प्लेट आणि नटसुद्धा त्याच चाचणीत तपासा. आट्यांजवळ तुटलेला बोल्ट मी हातात धरला आहे. सुटी सळी तपासून हे कळत नाही.

दुसरी : तोवर आयएस 11309 मध्ये एक दुरुस्ती करा. ही चाचणी संथ भारासाठी आहे, रॉकबर्स्टची शक्यता असलेल्या जागी बोल्ट योग्य आहे याचा पुरावा म्हणून ती वापरू नये, एवढं एक वाक्य. या एका वाक्याने उद्याच्या निविदापूर्व बैठकीतलं उत्तर बदलेल.

तिसरी : रॉकबर्स्टच्या पट्ट्यासाठी संख्यात्मक प्रतिमान सादर करताना बोल्ट तुटण्याची मर्यादा आणि पकडीचे आकडे कुठून घेतले हे नमूद करणं बंधनकारक करा. चाचणीशी ताडून न पाहिलेलं प्रतिमान असेल तर अहवालाच्या पहिल्या पानावर तसं लिहिलेलं असावं.

चौथी मागणी तुमच्यामार्फत केंद्र सरकारकडे आहे. पूर्ण आकाराच्या बोल्टवर आघात देणारं यंत्र सार्वजनिक संस्थेत उभारावं आणि ते सगळ्यांना वाजवी शुल्कात खुलं असावं. राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्था आहे, केंद्रीय खाण आणि इंधन संशोधन संस्था आहे, आमच्या नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाण अभियांत्रिकीचा विभाग आहे. जागा कुठली हा वाद मी घालणार नाही. निकाल मात्र जाहीर व्हावेत, बोल्टच्या बनावटीसह.

यावर खर्चाचा मुद्दा निघेल, तो निघायलाच हवा. ऊर्जा पचवणारा बोल्ट साध्या सळीपेक्षा महाग असतो. पण तो बोगद्याच्या पूर्ण लांबीत लागत नाही. खोल, कडक खडकाच्या ठरावीक टप्प्यांतच लागतो, आणि ते टप्पे भूवैज्ञानिक आधीच नकाशावर आखून देतात. एका रॉकबर्स्टनंतर फेस बंद राहण्याचा, जंबो दुरुस्तीचा आणि पुन्हा आधार देण्याचा खर्च ज्यांनी भरला आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ही मागणी घ्यावी आणि काय ठरलं ते जाहीरपणे कळवावं, ही विनंती. नकार असेल तर कारणांसह कळवा. मसुदा निघून अभिप्रायासाठी खुला झाला, तर हिमालयातल्या बोगद्यांवर काम केलेले आम्ही काही अभियंते कलमवार अभिप्राय देऊ. चाचणीसाठी नमुने, ग्राऊटची मिश्रणं आणि प्रत्यक्ष जागेवरच्या नोंदी लागल्या, तर त्या जमवून द्यायलाही आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक खाण अभियंता, नागपूर